खान साहेबांचा खण

आमच्या ऑफिसात खान साहेबांना कोणी पाहिलेलं नव्हतं, पण शिव्या मात्र सगळे त्यांनाच घालायचे. काही मोडलं की लीड खुर्ची वळवून म्हणायचा, "मॅम, खान साहब का शेप फिर टूट गया." लीड म्हणजे आमच्या गटाचा प्रमुख. लुधियानाचा, वयाने माझ्याहून पुष्कळ लहान, स्वभावाने गरीब गाय. मला अदबीने मॅम म्हणतो आणि तितक्याच अदबीने सगळी नकोशी कामं माझ्या गळ्यात मारतो.

ऑफिस चंदीगडला लागूनच मोहालीत आहे. औषधांच्या गोदामांसाठी आम्ही एक सॉफ्टवेअर चालवतो. गोदामवाला पडद्यावर आपल्या गोदामाचा नकाशा काढतो. आधी खोली, खोलीत रॅक, रॅकमध्ये लहान भाग, त्यात आणखी लहान, अशा आकृत्या एकात एक बसवतो. रॅक ओढून दुसऱ्या भिंतीला नेला की आतलं सगळं त्याच्याबरोबर गेलं पाहिजे, एवढीच त्याची अपेक्षा. या आकृत्या काढायला आम्ही एक तयार लायब्ररी वापरायचो. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेलं चित्रं काढायचं सामान. ते लिहिणाऱ्यांनी एक दिवस हात वर केले, यापुढे दुरुस्त्या मिळणार नाहीत म्हणून कळवलं, आणि आम्हाला सगळा संसार नव्या लायब्ररीत हलवणं भाग पडलं. साधे चौकोन, वर्तुळं, बाण भराभर गेले. मागे राहिल्या त्या आमच्याच कंपनीत पूर्वी कोणीतरी हाताने घडवलेल्या, एकात एक बसवलेल्या आकृत्या. जुनं सामान जुन्या माणसाकडे, या न्यायाने त्या माझ्याकडे आल्या.

खान साहेबांची फाइल मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडली. सगळ्यात बाहेरच्या आकृतीचं नाव रोमन अक्षरांत 'खान'. तिच्या आत 'कप्पा'. कप्प्याच्या आत 'चोरकप्पा'. आमच्या गटाने आपसात ठरवून टाकलं होतं की खान हे लिहिणाऱ्याचं आडनाव, कप्पा हे ग्रीक अक्षर, आणि चोरकप्पा ही गोदामातली चोरी पकडायची काहीतरी युक्ती. मी दोन-तीनदा वाचलं. खान कुठला, खण होता तो. कपाटाचा खण, खणात कप्पा, कप्प्यात चोरकप्पा. आणि चोरकप्प्याच्या वर कोणीतरी शेरा मारून ठेवला होता, तोही रोमन अक्षरांतच: हात लावू नये.

मी मोठ्याने हसले. लीडने विचारलं, "क्या हुआ मॅम?" मी "कुछ नहीं" म्हटलं. काय सांगणार? खान साहेब म्हणजे लाकडी ड्रॉवर, हे हिंदीत सांगता आलं असतं, पण हसू आलं नसतं. संध्याकाळी घरी मुलीला सांगितलं. ती अकरावीत आहे. कानातले इयरफोन न काढता म्हणाली, "अच्छा है, आई." तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र हिंदीत येतं, फारच लाडात आली तर इंग्रजीत.

आम्ही इकडे आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. मोहालीच्या सेक्टर सदुसष्टमधल्या औषधशास्त्राच्या संस्थेत तो संशोधन करायचा. मग त्याला हैदराबादला चांगली जागा मिळाली. मुलीचं शिक्षण अर्ध्यात तोडायचं नाही म्हणून आम्ही दोघी चंदीगडातच राहिलो. रोज फोन होतो. गॅस आला का, फी भरली का, गीझरवाला येऊन गेला का. आमचं बोलणं कोणी चोरून ऐकलं तर त्याला गाढ झोप लागेल. म्हणजे घरात मराठी बोलायला उरले कोण, तर मी आणि कुकर. कुकर निदान मध्ये बोलत तरी होता.

इथं मराठी मंडळ आहे, तिथे का जात नाहीस, असं बार्शीहून आई विचारते. जाते की. गणपतीत जाते, संक्रांतीला जाते. मोठ्या इस्पितळातले डॉक्टर असतात, विद्यापीठातले प्राध्यापक असतात, सगळी भली माणसं. पण तिथली मराठी सणासुदीची, इस्त्री करून आणलेली. तुम्ही मूळच्या कुठल्या, इथे किती वर्षं, थालीपिठाची भाजणी कुठे मिळते, एवढं झालं की बोलणं संपतं, आणि पोरं हिंदीत बोलतात म्हणून मोठेही हिंदीवर येतात. मला तसली मराठी नको होती. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला भांडायला मराठी माणूस हवा होता. जिला 'अगं गप गं' म्हणता येईल, जो 'तुझं आपलं काहीतरीच' म्हणेल, असं कोणीतरी.

नवीन आले होते तेव्हा तर मी बसमध्ये फसायचे. इथल्या पंजाबीत ण आहे, ळसुद्धा आहे. मागच्या सीटवरून कोणी 'पाणी' म्हटलं की मी मान वळवून पाहायचे. हिंदीवाले 'पानी' म्हणतात, हा 'पाणी' म्हणाला म्हणजे आपलाच असणार. मागे एखादे सरदारजी बसलेले असायचे. ते भलेपणाने हसायचे, मी ओशाळून खिडकीबाहेर बघायचे. पुढे मान वळवायची सोडून दिली. ण ऐकून आता फसायचं नाही, असं मी स्वतःला बजावून ठेवलं होतं.

आणि आता रोज सकाळी ऑफिसात जाऊन मी एका मराठी माणसाच्या फाइलमध्ये बसत होते. मला ते काम आवडायला लागलं. कोण असेल? विदर्भातला की कोकणातला? बाई असेल का? बाईच असेल, चोरकप्पा पुरुषाला कशाला सुचेल? 'हात लावू नये' या नुसत्या शेऱ्यावर मी पैज लावायला तयार होते. खण-कप्पा शब्द कोणी उसने घेईलही, पण 'लावू नये'मधलं ते 'नये' शिकवून येत नाही, ते घरातच यावं लागतं.

पहिल्यांदा सगळं नव्या लायब्ररीत टाकून पाहिलं तेव्हा फजितीच झाली. रॅक जागच्या जागी, खण मात्र एकही नाही. शोधत गेले तर गोदामातले सगळे खण, कप्पे आणि चोरकप्पे पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एकावर एक पडले होते. कारण साधं होतं. जुन्या लायब्ररीत प्रत्येक आकृती आपली जागा आपल्या बाहेरच्या आकृतीवरून सांगायची, म्हणजे माझ्या रॅकच्या डाव्या कडेपासून इतकं आत, इतकं खाली. नवी लायब्ररी रॅक-बिक ओळखत नाही. ती सगळ्यांना पानाच्या कोपऱ्यापासून मोजते. मला ते बघून चंदीगडचे पत्ते आठवले. इथं पत्ता म्हणजे सेक्टरचा आकडा आणि घराचा आकडा, कोणाला काही विचारायला नको. आमच्या बार्शीत पत्ता सांगताना आधी पाण्याची टाकी येते, मग सोनाराचं दुकान, मग त्याच्या मेहुण्याचं घर, आणि त्याला लागून आपण. इथं आकडे पाठ करून मी कधीच चुकले नाही. पण मी कोणाला लागून आहे, हे मात्र इथं कोणी विचारलं नाही.

ती फजिती मी निस्तरली. प्रत्येक आकृतीला तिच्या बाहेरचीची जागा विचारायची, तिला तिच्या बाहेरचीची, असं पानापर्यंत पोचून बेरीज करायची. किचकट काम होतं, पण झालं. घोडं अडलं ते चोरकप्प्यापाशी. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये रॅक पुसला की खण जायचा, कप्पा जायचा, चोरकप्पा मात्र जायचा नाही. रिकाम्या जागेत तो एकटाच चौकोन उभा राहायचा. लीड म्हणाला, "बग है मॅम, उडा दो. और नए में नाम सब इंग्लिश में कर देंगे, खान-वान रहने दो." नावांचं त्याचं बरोबरच होतं, कोणालाही वाचून कळायला हवं. पण तो चौकोन चुकून राहतो असं मला वाटेना. ज्याने 'हात लावू नये' लिहिलं त्याने तो मुद्दाम उभा ठेवला असणार. लिहिणाऱ्यालाच विचारते, म्हटलं. आणि खरं सांगायचं तर मला निमित्तच हवं होतं.

हिशेबाच्या खात्यातल्या एका जुन्या बाईंनी चौकशी करून नंबर मिळवून दिला. कंपनी लहान होती तेव्हाचे गृहस्थ, निवृत्त होऊन पिंजौरला राहतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यात जाऊन फोन लावला. पलीकडून "हांजी" आलं, ते इथं सगळेच म्हणतात. मी सरळ मराठीत सुरुवात केली. "नमस्कार, मी मोहालीच्या ऑफिसातून बोलतेय. तुमचा खण माझ्याकडे आलाय."

 पलीकडून हळूच आवाज आला, "खण." ण असा भरघोस, की माझ्या अंगावर काटा आला. "कप्पा," तो म्हणाला. "चोरकप्पा." आणि मग माझा बांध फुटला. तुम्ही कुठले, इकडे कधी आलात, घरी कोण कोण असतं, मी बार्शीची, इथं बोलायला कोणी नाही हो, तुमचा तो शेरा वाचून मी किती हसले. जिन्यातून जाणारी पोरं माझ्याकडे बघत होती. दम घ्यायला थांबले तेव्हा तो म्हणाला, "मैडम जी, माफ करना. मैं तो पिंजौर का ही हूँ. मराठी तो मेरी घरवाली थी."

पंजाबी ण. बसमध्ये फसायचं सोडलं आणि जिन्यात फसले. मला रागच आला, त्याचा काही दोष नसताना. मी एकदम कोरडी झाले आणि हिंदीत चोरकप्प्याचं विचारलं. तो म्हणाला, फोनवर नाही समजणार, कागदावर काढून दाखवावं लागेल, रविवारी येऊन जा, घरी सून असते, चहा पिऊन जा. मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला. जायचं जिवावर आलं होतं. तोंडचा घास गेल्यावर रिकामं ताट बघायला कोण जातं? पण लीडला उत्तर द्यायचं होतं, आणि रविवारी घरी बसून तरी काय करणार होते? मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली आणि मी पिंजौरवरून जाणाऱ्या काल्क्याच्या बसमध्ये बसले.

बाजारामागच्या गल्लीत घर होतं. हिवाळा संपत आला होता, अंगणात चांगलं ऊन होतं. गृहस्थ उंच, दाढी पांढरी, स्वेटरच्या कोपराला रफू. सुनेने चहा आणि भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या आणि ती आत गेली. चोरकप्प्याचं उत्तर त्यांनी चहा निवायच्या आत दिलं. चोरकप्पा म्हणजे झोपेच्या, गुंगीच्या औषधांची कुलपातली जागा. रॅक काय, कोणीही हलवतो, कोणीही पुसतो. म्हणून रॅकबरोबर त्या औषधांचाही पत्ता पुसला जाता कामा नये. "पहले अंदर वाली चीज़ का ठिकाना करो, फिर रैक हटाओ," ते म्हणाले. कागदाची गरजही पडली नाही. फोनवर समजलं असतं, हे दोघांनाही कळलं आणि आम्ही थोडा वेळ शेंगा सोलत बसलो.

मग त्यांनी आपण होऊनच सांगितलं. बायको अकोल्याची, चंदीगडच्या मोठ्या इस्पितळात नर्स होती. लग्नात एक लाकडी कपाट घेऊन आली. त्याचे खण तिचे, कप्पे तिचे, आणि आतल्या चोरकप्प्यावर तिने स्केचपेनने 'हात लावू नये' लिहिलं होतं. मी विचारलं, त्यात असायचं काय? "कुछ नहीं जी. लौंग, इलायची. बच्चों से छुपाई हुई टॉफी." ते प्रोग्रॅम लिहायला बसले तेव्हा एकात एक म्हटल्यावर त्यांना ते कपाटच दिसलं, म्हणून नावं तीच दिली. बायको ती वाचून हसली होती. स्पेलिंगवरून मात्र ओरडली होती, खणाचा खान केलास म्हणून. "प्यार तो हिंदी में कर लेती थी," ते म्हणाले, "पर डाँटती मराठी में थी. बावळट. नीट ठेव. पुरे आता. और जब लड़ाई ख़त्म करनी हो तो, असू दे." तिला जाऊन आता काही वर्षं झाली होती. घरात त्यानंतर त्यांना कोणी मराठीत ओरडलं नव्हतं.

नव्या लायब्ररीत नावं इंग्रजी होणार आहेत, हे मी त्यांना सांगितलं. सांगताना मला अपराध्यासारखं वाटलं. ते म्हणाले, "ठीक है जी, वैसे भी कोई ठीक से पढ़ता नहीं था." थोड्या वेळाने म्हणाले, "जाने से पहले एक बार आप बोल दोगी? सारे. ठीक से."

मी म्हटलं. खण. कप्पा. चोरकप्पा. हात लावू नये. शाळेत पाढे म्हणावेत तसं झालं ते. त्यांनी मान हलवली. "और बोलो," ते म्हणाले.

"क्या बोलूँ?"

"कुछ भी. अपना ही कुछ. मुझे कौन सा समझना है."

मी आधी उगाच काहीतरी म्हणाले. ऊन छान आहे, बसला गर्दी होती, शेंगा चांगल्या भाजल्यात. माझाच आवाज मला परका वाटत होता. मग कधी कोण जाणे, बोलण्याची गाडी उताराला लागली. मुलगी हिंदीत उत्तर देते तेव्हा मला कसं होतं ते सांगितलं. नवरा फोनवर गीझरचं विचारतो आणि माझं विचारत नाही, ते सांगितलं. त्याचंही बिचाऱ्याचं चुकत नाही, हेही सांगितलं. आई बार्शीत म्हातारी होतेय आणि मी इथं चौकोनांच्या बेरजा करतेय, असं म्हणाले. आणि म्हणाले, मला इथं फार एकटं वाटतं. हे वाक्य मी तोवर कुठल्याच भाषेत कोणाला म्हटलं नव्हतं. नवऱ्याला म्हटलं असतं तर त्याने विमानाचं तिकीट काढलं असतं. मुलीने हिंदीत समजूत घातली असती. आई रडली असती. या माणसाला काहीच करता येणार नव्हतं, म्हणून त्याला सांगता आलं.

ते डोळे मिटून बसले होते, सोललेली शेंग तशीच हातात. ते माझं ऐकत नव्हते, हे मला कळत होतं. ते तिचं ऐकत होते. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी नाक पुसलं आणि गप्प झाले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. त्यांनी डोळे उघडले, शेंगेचे दाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "असू दे."

सोमवारी मी चोरकप्प्याचं काम पूर्ण केलं. रॅक पुसायच्या आधी नवं सॉफ्टवेअर आता विचारतं की आतली कुलपातली जागा कुठे ठेवायची. खण, कप्पा, चोरकप्पा ही नावं मी स्वतःच्या हाताने बदलली. शब्द एकेक करून पडद्यावरून जात होते आणि मला वाईट वाटत होतं, ते मी वाटू दिलं. दुपारी लीड माझ्या शेजारी खुर्ची ओढून काम तपासायला बसला. सगळं पसंत पडलं. खालपर्यंत आल्यावर तो थांबला.

"मॅम, ये 'हात लावू नये' रह गया. हटा दूँ?"

"असू दे," मी म्हणाले. मराठीतच म्हणाले, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, बरं अशी मान हलवली आणि पुढच्या ओळीवर गेला.